तृप्तीची पुडी

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या लॉन्सवर दर गुरुवारी दुपारी दीड-दोन हजार माणूस जमायचं. त्यात बायकाच जास्त. सिडको, सातपूर तर जवळच, पण सटाण्या-मनमाडहूनही गाड्या भरून यायच्या. स्टेजवर एका ओळीत सात पाट, त्यावर सात बायका आणि प्रत्येकीसमोर भरलेलं ताट: दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, कुरडई. बाजूला धान्याच्या दुकानात असतो तसा मोठा वजनकाटा, त्याला झेंडूच्या माळा. झांजा वाजायच्या आणि तृप्तानंद महाराज माइक हातात घ्यायचे.

"मातांनो, भूक कुठे असते? पोटात? छे! पोट ही नुसती पिशवी. भूक असते मेंदूच्या क्वांटम केंद्रात! सायन्स आज सांगतंय, आमच्या ऋषींनी कधीच सांगून ठेवलंय. ब्रह्मगिरीच्या कड्यावर उगवते भूकहारिणी वनस्पती. तिच्यावर सव्वा लाख जप, आणि दिवसाला दोन पुड्या. संपलं! चरबी स्वतः हात जोडून म्हणते, महाराज, येते मी!"

गर्दी खो खो हसायची. मग महाराज पाटावरच्या बायकांपुढे वाकून मायाळू आवाजात विचारायचे, "माय, जेवतेस का गं?" सातही जणी मान फिरवायच्या. एखादी तर नाकाला पदर लावायची. याला म्हणायचं थाळी-परीक्षा. नंतर त्या काट्यावर चढायच्या. आठवड्यात तीन किलो कमी, चार किलो कमी! टाळ्यांनी मांडव दणाणायचा आणि लोक पुड्यांच्या रांगेकडे धावायचे. स्टेजच्या कोपऱ्यात हरसूलकडचा बारकू नावाचा म्हातारा भगवा पंचा पांघरून बसवलेला असे. तो म्हणे वनऋषी, वनस्पती शोधून आणणारा. त्याला बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

मी हा सोहळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ढोंग कुठे आहे ते शोधत होतो. पण त्या बायका नाटक करत नव्हत्या. पुरणाच्या वासाने एकीला खरंच मळमळत होतं. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

माझं नाव धम्मपाल. सिडकोत उत्तमनगरला माझं औषधांचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. दुकानाला लागून सिंधुबाईंचं पोळीभाजी केंद्र. अंबडच्या कारखान्यांत रोज साठ डबे जायचे. पहाटे पाचला तवा तापायचा आणि सकाळी अकराला माझ्या काउंटरवर, मागितल्याशिवाय, दोन गरम पोळ्या यायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला भाऊ. हाताखाली सून मोहिनी, आणि शाळेतून आली की नात आरोही, सातवीतली.

सिंधुताईंचं वजन होतं चौऱ्याऐंशी. वर रक्तदाबाचा त्रास. त्याची गोळी दर महिन्याच्या एक तारखेला माझ्याकडूनच जायची. दोन्ही गुडघे झिजले होते. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी बारा किलो कमी करा, मग ऑपरेशनचं बघू. ताईंना सडपातळ होऊन मिरवायचं नव्हतं. त्यांना ओट्यापाशी उभं राहायचं होतं. शेवटी शेवटी त्या स्टुलावर बसून पोळ्या लाटायच्या आणि तव्याकडे हात पुरत नाही म्हणून मोहिनीवर चिडायच्या.

श्रावणात त्यांनी पुडी सुरू केली. भाद्रपदात दहा किलो उतरले.

"भाऊ, बघा!" त्या माझ्या दुकानाची पायरी चढून आल्या, कुणाचा हात न धरता. "आज उभ्याने चाळीस पोळ्या केल्या. भूकच नाय लागत. दिवसभर एक चहा. आणि अंगात काय तरतरी, रात्रभर डोळाच लागत नाय."

तोंड कोरडं पडलं होतं, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. हात थरथरत होते. हे मला नवीन नव्हतं. त्या महिन्यात आमच्या भागातल्या कमीत कमी तीस बायका माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. कुणाला झोपेची गोळी हवी, कुणाला इसबगोल, कुणाला तोंड सुकण्यावर काहीतरी, कुणाच्या छातीत धडधड. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच कसं? झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की नाक मुरडून दुसरं दुकान. 'दुसरं काय घेता?' विचारलं तर प्रत्येकीचं तेच उत्तर: काही नाही. जणू आपापसांत ठरवून आल्या होत्या.

"ताई, एक तारीख होऊन पंधरा दिवस झाले. तुमची गोळी न्यायची राहिली."

"महाराज म्हणले, दोन शक्ती एका देहात नांदत नाहीत. गोळी बंद."

"कसले महाराज? कुठल्या कॉलेजात शिकले? ताई, ती पुडी द्या मला, मी तपासून आणतो. मला त्यात काळंबेरं दिसतंय."

"प्रसाद आहे तो, भाऊ. तपासायचा नसतो. त्याची चर्चासुद्धा करायची नसते, गुण जातो."

"प्रसादाने कुणाची झोप उडते का हो? त्यात औषध आहे, नक्की औषध आहे!"

माझा आवाज चढला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ताईंचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"राहू द्या. तुमच्यात देव-प्रसाद मानत नाहीत. तुम्हाला नाय कळायचं."

'तुमच्यात.' एकवीस वर्षांत त्यांनी तो शब्द एकदाही वापरला नव्हता. ज्याला लागायचा त्यालाच हा शब्द लागतो. दुसऱ्या दिवशी अकराला पोळ्या आल्या त्या मी तशाच परत पाठवल्या. तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. घटस्थापनेला पाच दिवस राहिले होते. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. समोरून जाताना त्या थबकायच्या, मी बिलं चाळत बसायचो. हा माझा दोष आहे आणि तो मी कुणावर ढकलणार नाही. मला जे दिसत होतं ते मी रागापायी गिळून बसलो.

नवरात्रात ताईंनी नऊ दिवसांचा कडक उपास धरला. एरवी त्या उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तेवढाच करायच्या. महाराजांनी सांगितलं होतं, नवरात्रात पुड्या दोनाच्या चार करा, देवी स्वतः चरबी भक्षण करते. पाचव्या माळेच्या दिवशी सकाळी साडेनऊला शेजारून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मोहिनीची किंकाळी. मी काउंटरवरून उडी मारून गेलो. ताई ओट्यापाशी पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात निर्जीव, तव्यावर पोळी जळत होती. मी दुकानातलं यंत्र लावून रक्तदाब घेतला. वरचा आकडा दोनशे तीस.

रुग्णालयात डॉक्टर चैताली ड्यूटीवर होत्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"आधीपासून कुठलं औषध चालू आहे?"

"रक्तदाबाची गोळी होती. महिन्याभरापासून बंद," मोहिनी म्हणाली.

"बाकी काही? आयुर्वेदिक, काढा, चूर्ण, पावडर?"

"नाही. काहीच नाही."

"नीट आठवा. नाडी एकशे चौतीस आहे. हे मला पटत नाही."

"खरंच काही नाही, मॅडम."

मोहिनी खोटं बोलत नव्हती. शपथेवर विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं. औषध म्हणजे गोळी, बाटली, सुई. प्रसाद म्हणजे प्रसाद. शिर्डीचा अंगारा आपण डॉक्टरला सांगतो का? मग ही पुडी कशी आठवणार? तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या तीस बायका माझ्याशीही खोटं बोलल्या नव्हत्या. मीच एकवीस वर्षं चुकीचा प्रश्न विचारत आलो होतो.

शाळेतून दप्तरासकट आलेल्या आरोहीसमोर मी गुडघ्यावर बसलो. "बाळा, आजी प्रसाद किती घ्यायची?"

"सकाळी दोन, संध्याकाळी दोन," ती हुंदके देत म्हणाली. "पण सांगायचं नसतं ना काका?"

"सांगायचं असतं. घरी आहेत का पुड्या?"

तिच्या दप्तरातच होत्या. आजीला शाळेतून येताना महाराजांच्या मठातून आणून द्यायचं काम तिचं होतं. डॉक्टर चैतालींनी पुडी उघडली, हिरवट भुकटी बोटांवर घेतली आणि पिशवीत बंद केली. मोहिनीने दप्तरातल्या उरलेल्या पुड्याही काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

भुकटी मुंबईच्या एका खासगी प्रयोगशाळेत गेली. दसरा झाला, कोजागिरी झाली, अहवाल आला. मक्याचं पीठ, थोडी सुंठ, हिरवा रंग. झाडपाला म्हणावा असा काही नाही. आणि दोन औषधं. एक सिब्युट्रामिन. ते भूक मारतं. आणि सोबत रक्तदाब चढवतं, हृदय पळवतं, झोप उडवतं. लोकांना झटके आणि पक्षाघात होऊ लागले म्हणून आपल्या देशात २०११ सालीच त्यावर बंदी आली. दुसरं लघवी सोडवणारं औषध. पहिल्या आठवड्यातले तीन-चार किलो म्हणजे अंगातलं पाणी. चरबी जागच्या जागीच होती. काट्यावरचा चमत्कार मोरीत वाहून जात होता.

"आणि ती भूकहारिणी? खरी वनस्पती अशी काही असते का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"भूक किंचित मंदावते असं सांगितलं जाणाऱ्या वनस्पती आहेत. थोडे अभ्यास झालेत. काहींत जरासा फरक दिसला, काहींत अजिबात नाही. मळमळणारी माणसं, बीपीचे रुग्ण, गरोदर बायका यांनी विचारल्याशिवाय त्याही घेऊ नयेत. पण एक नक्की, धम्मपालजी. कुठलाही पाला माणसाला पुरणपोळीवरून तोंड फिरवायला लावत नाही. आठवड्यात चार किलो उतरवणारी पावडर मिळाली, की समजायचं आत कारखान्याचा माल आहे."

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली, पोलिसांकडेही. ते गुरुवारी साध्या कपड्यांत येणार असं ठरलं. पण मोहिनीला थांबवत नव्हतं.

"भाऊ, मठातली माणसं काल दवाखान्यात आली होती. म्हणतात, सासूबाईंनी उपासात कांदा खाल्ला, म्हणून देवी कोपली. आयुष्यात ज्या बाईने नवरात्रात कांदा चिरला नाही, तिला हे..." मग डोळे पुसून ती म्हणाली, "त्या स्टेजवर मीही एकदा ओटी भरून आलेय. बायका पाटावरच्या सात जणींची ओटी भरतात आणि माइकवर उखाणा घेतात. मला चढू देतील."

मी तिला दुकानातलं ऑक्सिमीटर दिलं. बोटाला लावायचा तो चिमटा, कोरोनात घराघरात गेलेला. त्यावर दोन आकडे येतात हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा.

गुरुवारी मी आणि डॉक्टर चैताली तिसऱ्या रांगेत बसलो. झांजा झाल्या, क्वांटम केंद्र झालं, सात जणींनी माना फिरवल्या. ओटीची रांग सुरू झाली. मोहिनी नारळ-तांदूळ घेऊन वर गेली. पहिलीला कुंकू लावलं, ओटी भरली आणि हातात हात घेतल्यासारखं करून चिमटा लावला. अशा सातही जणी. मग सेवेकऱ्याने माइक पुढे केला.

"घ्या ताई, नाव घ्या!"

"नाव नाही घेत. आकडे घेते," मोहिनी म्हणाली. "या सात जणी अर्ध्या तासापासून पाटावर बसून आहेत. पहिलीची नाडी एकशे अठरा. दुसरीची एकशे सव्वीस. तिसरी एकशे बारा. चौथी एकशे एकतीस..."

"ए, माइक घ्या तिच्याकडून!" महाराज सेवेकऱ्यांवर खेकसले.

"घाबरल्या असतील," खालून एक गृहस्थ ओरडले. "एवढ्या लोकांपुढे कुणाचीही नाडी वाढेल!"

प्रश्न रास्त होता. मी उठून स्टेजवर गेलो. "बरोबर बोललात दादा. मीही आत्ताच वर आलोय, माझेही पाय लटपटतायत. मोहिनी, लाव मला." नाडी सत्त्याण्णव आली. ओटीच्या रांगेतल्या, पुडी कधी न घेतलेल्या दोघींना लावलं: अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव. मी माइकवर म्हणालो, "आता राहिले महाराज. महाराज म्हणतात ते गेली बारा वर्षं याच दोन पुड्यांवर जगतात. महाराज, बोट द्या."

"देवाच्या देहाला यंत्र लावत नसतात!" महाराज कडाडले. एवढ्या निराहारी माणसाला दोन हनुवट्या कशा, हा विचार त्या दिवशी बहुधा बऱ्याच जणांच्या मनात पहिल्यांदा आला असावा.

पाटावरून चौथी उठली, एकशे एकतीसवाली. तेजल तिचं नाव, विशीतली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "माझ्या देहाला लावलंत ना? मग तुमच्या का नको? मला तीन आठवडे झोप नाही, महाराज. तुम्हाला लागते का झोप?"

तिने त्यांचा हात धरला. पाटावरच्या आणखी दोघींनी मनगट दाबलं, मोहिनीने चिमटा लावला. शहात्तर. एवढ्या गोंधळातही शहात्तर! मोहिनीने तो आकडा माइकवर तीन वेळा वाचला.

मग डॉक्टर चैतालींनी वर येऊन अहवाल वाचला, औषधाचं नाव सुटं करून सांगितलं. "नाडीवरून नुसता संशय येतो, पुरावा हा कागद आहे," असंही त्या म्हणाल्या. महाराज वनऋषीकडे बोट दाखवून किंचाळले, "खोटं! या साधूला विचारा! हा स्वतः मुळी खणतो!"

बारकूने पंचा खाली ठेवला.

"म्या साधू नाय, दादा. म्या गुरं राखतो. ती आमची माकडशिंगी हाय. रानात दुपारची भाकर नसली की एक दांडी चावायची, घटकाभर पोट गप बसतं. मंग परत लागतीच की भूक. ती खाऊन आमच्यात कोण बारीक झालं नाय, आमी उपाशी राहून झालो. आन आषाढापासून म्या ह्यांना एक दांडीबी दिली नाय. नुसतं बसाया बोलवत्यात."

मांडव उसळला. महाराज मागच्या दाराने निघाले होते, तिथे साध्या कपड्यांतले पोलीस उभे होते. साठा सील झाला. सातही बायकांना आम्ही त्याच संध्याकाळी तपासायला नेलं. तेजलच्या हृदयाच्या ठोक्यांत गडबड निघाली, तिला चार दिवस दाखल ठेवावं लागलं. ती वाचली.

इथे गोष्ट संपवता आली असती तर बरं झालं असतं. पण मांडवातून बाहेर पडताना मी काय ऐकलं ते सांगतो. दोन बायका एकमेकींना विचारत होत्या, उरलेल्या पुड्या आता कुठे मिळतील? आणि शनिवारी माझ्या दुकानात एक चांगली शिकलेली बाई आली. काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "ते औषध तुमच्याकडे मिळेल का हो? डॉक्टरांनी नाव सांगितलं ते. गुण तर आहे ना त्याला?" मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिंधुताई जगल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, थोडी परत येईल, पूर्ण नाही. त्यांच्या घशाला गिळता येत नाही. काही तोंडातून दिलं तर फुप्फुसात जाईल, म्हणून नाकातून नळी घातली आहे. नळीतून दिवसातून सहा वेळा पातळ पेज जाते.

परवा मी भेटायला गेलो. अंगातून औषध कधीच उतरलं आहे आणि भूक परत आली आहे. पोटात पेज पडली तरी त्यांचं मन भरत नाही. साठ माणसांना रोज जेवू घालणारी बाई डाव्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे नेते आणि डोळ्यांनी मागते. एकदा, दोनदा, दहादा. मोहिनी मान हलवते, नाही म्हणते आणि बाहेर जाऊन रडते. मीही मान हलवली. माझ्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, ताई, मी बोलायला हवं होतं. त्यांनी पुन्हा बोटं जुळवून तोंडाकडे नेली.

म्हणून सांगतो. देव मानायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जी गोष्ट गिळल्यावर भूक जाते, झोप जाते, छाती धडधडते, ती कुणाच्याही हातून मिळो, कितीही जप करून मिळो, ते औषध आहे. औषधाला नाव असतं, मात्रा असते, दुष्परिणाम असतात आणि ते देणाऱ्यावर जबाबदारी असते. नाव न सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका. घेत असाल तर डॉक्टरला सांगा: प्रसाद, अंगारा, चूर्ण, सगळं सांगा. चालू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि तुमच्या शेजारची कुणी अशी पुडी घेत असेल तर तिच्याशी भांडा, तिने अपमान केला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि पुन्हा सांगा.